एड्सगर डाइक्स्ट्रा : चुकीच्या मुळाशी जाणारा संगणकतज्ज्ञ

म्हैसूर म्हटले की भव्य राजवाडा, दसऱ्याची मिरवणूक आणि चंदनाचा सुगंध यांची आठवण होते. अलीकडच्या काळात या नगरीला आणखी एक ओळख लाभली आहे. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिस या कंपनीचे विस्तीर्ण प्रशिक्षण केंद्र म्हैसूरला आहे. महाराष्ट्रातील अनेक तरुण-तरुणी नोकरीच्या आरंभी तेथे जातात आणि संगणकासाठी प्रोग्राम लिहिण्याचे शिक्षण घेतात. प्रोग्राम म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची क्रमवार मालिका. ती लिहिणे जितके महत्त्वाचे, तितकेच तिच्यातील चूक शोधून दुरुस्त करणेही महत्त्वाचे असते. अशा चुकीला व्यवहारात ‘बग’ म्हणजे किडा असे म्हणतात. हा शब्द ज्यांना मुळीच मान्य नव्हता आणि ज्यांनी चुकांविषयीचा सारा विचारच पालटून टाकला, त्या एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाचा परिचय या पाठात करून घेऊ.

डाइक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी नेदरलँड्समधील रॉटरडॅम शहरात झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक होते, तर आई गणितात पारंगत होती. कायद्याचा अभ्यास करून संयुक्त राष्ट्रसंघात आपल्या देशाचे प्रतिनिधित्व करावे, असे त्यांच्या मनात होते. पुढे मात्र ते लायडन विद्यापीठात गणित आणि भौतिकशास्त्राकडे वळले. १९५१ साली केंब्रिज येथील एका उन्हाळी वर्गात त्यांना प्रोग्रामलेखनाची ओळख झाली आणि १९५२ पासून ते ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात काम करू लागले. हा व्यवसाय तेव्हा इतका नवा होता, की १९५७ साली विवाहनोंदणीच्या वेळी त्यांनी सांगितलेला ‘प्रोग्रामर’ हा व्यवसाय अधिकाऱ्यांनी स्वीकारलाच नाही. नाइलाजाने त्यांना भौतिकशास्त्रज्ञ अशी नोंद करावी लागली.

त्याच सुमारास त्यांच्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. त्यांचे सहकारी ‘एक्स-वन’ नावाचा नवा संगणक तयार करीत होते. कागदी फीत वाचणारे किंवा अक्षरे छापणारे यंत्र संगणकाच्या मानाने फार मंद असते. त्याचे काम पूर्ण होईपर्यंत संगणकाने ताटकळत बसू नये, म्हणून एक युक्ती योजण्यात आली. संगणकाने दुसरे काम करीत राहावे आणि यंत्राचे काम झाले की यंत्रानेच त्याला मध्येच हाक मारावी. या हाकेला ‘इंटरप्ट’ म्हणतात.

युक्ती उत्तम होती; परंतु डाइक्स्ट्रा यांना तिच्यातील धोका जाणवला. स्वयंपाक करणाऱ्या गृहिणीचे उदाहरण घेऊ. ती आमटीत मीठ घालण्याच्या बेतात असते, तोच दारावरची घंटा वाजते. दार उघडून ती परत येते, तेव्हा मीठ घातले होते की नाही, हे तिला आठवत नाही. घंटा क्षणभर आधी किंवा नंतर वाजली असती, तर घोटाळा झालाच नसता. संगणकाचेही तसेच होते. हाक नेमकी कोणत्या क्षणी येईल, हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे एकदा घडलेली चूक पुन्हा तशीच घडवून पाहता येत नाही आणि जी चूक पुन्हा घडवता येत नाही, तिचे कारण शोधणे अत्यंत कठीण असते. या काळजीमुळे त्यांनी ही योजना स्वीकारण्यास काही काळ विलंब लावला. नंतर मात्र त्यांनी काटेकोर विचार करून या हाका हाताळणारा प्रोग्राम लिहिला. याच विषयावरील प्रबंधासाठी १९५९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

१९६२ मध्ये ते आइंडहोव्हन येथील तांत्रिक महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. तेथे पाच-सहा जणांच्या साहाय्याने त्यांनी एक संपूर्ण कार्यप्रणाली उभी केली. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा सारा कारभार पाहणारा मूळ प्रोग्राम. त्याच्या गाभ्याला ‘कर्नल’ म्हणतात आणि एकेका जोडयंत्राशी बोलणाऱ्या भागाला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. गाभ्यात एक चूक राहिली, तरी सारा संगणक ठप्प होऊ शकतो. म्हणून डाइक्स्ट्रा यांनी ही प्रणाली मजल्यांप्रमाणे रचली. सर्वांत खाली संगणकाच्या वेळेची वाटणी, त्यावर स्मृतीची व्यवस्था, त्यावर चालकाशी संवाद, त्यावर जोडयंत्रांची देवाणघेवाण आणि त्याही वर लोकांचे प्रोग्राम. खालचा मजला पूर्ण तपासून झाल्याखेरीज वरचा चढवायचा नाही, असा त्यांचा नियम होता. त्यामुळे चूक आढळली, तर ती नव्या मजल्यातच शोधावी लागे.

एकाच वेळी चालणारी दोन कामे एकमेकांच्या आड येऊ नयेत, यासाठी त्यांनी ‘सेमाफोर’ ही कल्पना योजली. हे नाव रेल्वेच्या सिग्नलवरून घेतलेले आहे. एकेरी मार्गावर एक गाडी असताना दुसरीला सिग्नल मिळत नाही, तसेच हे आहे. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी या प्रणालीचा अनुभव मांडला. तपासणीत केवळ किरकोळ चुका आढळल्या होत्या. त्यांचे प्रमाण दर ५०० सूचनांमागे एक असे होते आणि प्रत्येक चूक दहा मिनिटांच्या आत सापडली होती.

तपासणीने चुका आहेत हे दाखवता येते, पण चुका नाहीत हे सिद्ध करता येत नाही, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. बग हा शब्द त्यांना नापसंत होता, कारण त्यातून किडा आपोआप आत शिरला, असा भास होतो. प्रत्यक्षात चूक लिहिणाऱ्याची असते आणि तिची जबाबदारी त्यानेच घेतली पाहिजे, असे त्यांचे मत होते. त्यांचा हा आग्रह सर्वांनाच पटला नाही. आजच्या कार्यप्रणालींमध्ये सूचनांच्या कोट्यवधी ओळी असतात. त्या सर्व अचूक आहेत, हे गणिताने सिद्ध करणे फार अवघड असते. त्यामुळे तपासणीला पर्याय नाही, असे अनेकांचे म्हणणे आहे. तरीही थरांची रचना आणि सेमाफोर या त्यांच्या कल्पना आजही वापरात आहेत. दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची त्यांची रीतही प्रसिद्ध आहे.

१९७२ साली त्यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ पासून निवृत्तीपर्यंत त्यांनी अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात अध्यापन केले. संगणकाचा शास्त्रज्ञ असूनही ते आपली टिपणे शाईच्या पेनाने सुवाच्य अक्षरात लिहीत. अशी तेराशेहून अधिक टिपणे त्यांनी मागे ठेवली. ६ ऑगस्ट २००२ रोजी नेदरलँड्समधील न्यूनेन येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

चूक झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा काम हाती घेतानाच ती टाळण्याचा विचार करावा आणि झालेल्या चुकीचे खापर यंत्रावर फोडू नये, ही त्यांच्या जीवनाची शिकवण आहे. ती केवळ संगणकापुरती मर्यादित नाही. भिंत बांधणारा गवंडी असो किंवा हिशेब लिहिणारा कारकून, प्रत्येकाला ती उपयोगी पडेल.