श्रीपाद कृष्ण कोल्हटकर

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (२९ जून, इ.स. १८७१ - १ जून, इ.स. १९३४) हे मराठीतील विनोदकार, नाटककार, समीक्षक व कवी होते. त्यांना आधुनिक मराठी विनोदी वाङ्मयाचे जनक मानले जाते. सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या या त्यांच्या पात्रत्रयीने, एका लेखातून दुसऱ्या लेखात वावरणाऱ्या विनोदी पात्रांची परंपरा मराठीत रुजवली.

जीवन

कोल्हटकरांचा जन्म नागपूर येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून इ.स. १८९१ मध्ये ते बी.ए. झाले आणि इ.स. १८९७ मध्ये त्यांनी एल्एल.बी. ही पदवी मिळवली. त्यानंतरचे त्यांचे बहुतेक आयुष्य वऱ्हाडात गेले. अकोला, तेल्हारा, खामगाव आणि जळगाव-जामोद येथे त्यांनी वकिली केली. मुंबई-पुण्याच्या वाङ्मयीन वर्तुळापासून दूर राहूनही तेथील साहित्यावर त्यांचा मोठा प्रभाव पडला. ज्योतिर्गणित हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्यावर त्यांनी ग्रंथ लिहिला.

नाटके

‘विक्रमशशिकला’ या नाटकावरील परीक्षणामुळे समीक्षक म्हणून त्यांचे नाव झाले. ‘वीरतनय’ (१८९६) या पहिल्या नाटकात त्यांनी पारशी-गुजराती रंगभूमीवरील चाली आणल्या. त्यामुळे मराठी नाट्यसंगीताला नवे वळण मिळाले. ‘मूकनायक’, ‘गुप्तमंजूष’, ‘मतिविकार’, ‘प्रेमशोधन’ आणि ‘वधूपरीक्षा’ ही त्यांची इतर नाटके होत. मद्यपाननिषेध, विधवाविवाह असे सुधारणावादी विषय त्यांनी हाताळले. मात्र गुंतागुंतीची कथानके आणि कोटिबाज संवाद यांमुळे ही नाटके पुढे रंगभूमीवर टिकली नाहीत.

सुदाम्याचे पोहे

इ.स. १९०२ पासून ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात त्यांचे विनोदी लेख येऊ लागले. इ.स. १९१० मध्ये अठरा लेखांचा संग्रह ‘सुदाम्याचे पोहे’ या नावाने निघाला. पुढे लेखांची संख्या बत्तीस झाली. ‘साक्षीदार’, ‘शिमगा’, ‘श्रावणी’, ‘चोरांचे संमेलन’ हे त्यांपैकी काही लेख होत. प्रत्येक लेखाचा विषय स्वतंत्र असला तरी सुदामा आणि त्याचे दोन मित्र पुनःपुन्हा भेटत राहतात. सुदामा रूढींची बाजू अशा रीतीने मांडतो की त्यांतील विसंगती आपोआप उघडी पडते. धर्मविधी, अंधश्रद्धा आणि सामाजिक ढोंग यांवर थेट टीका करणे सुधारकांना महागात पडत असताना, ही टीका हसतखेळत वाचकांपर्यंत पोचवण्याचे काम या पात्रांनी केले.

पात्रांचा पुढील प्रवास

राम गणेश गडकरी कोल्हटकरांना गुरू मानत. त्यांनी ‘बाळकराम’ या टोपणनावाने विनोदी लेखन केले. त्यांतील बाळकराम, भांबूराव आणि तिंबूनाना यांची मित्रमंडळी सुदाम्याच्या मंडळींच्या धर्तीवर उभी आहे. गुरूची पात्रे जशीच्या तशी न उचलता त्यांचा साचा स्वीकारून गडकऱ्यांनी त्यात कल्पनेची आणि अतिशयोक्तीची भर घातली. चिं. वि. जोशी यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंनी ही परंपरा मध्यमवर्गीय घरात आणली; पुढे ही जोडी पुस्तकांतून चित्रपटात आणि दूरदर्शनच्या मालिकेतही गेली. आधुनिक काळात व्हिडिओ गेममधील पात्रे एका खेळातून दुसऱ्या खेळात जातात. त्याआधी कित्येक दशके, ओळखीच्या पात्राला नव्या प्रसंगात भेटण्याचा आनंद मराठी वाचकाला या लेखनाने दिला होता.

उत्तरकाळ व वारसा

इ.स. १९२७ मध्ये पुण्यात झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांनी लिहिलेले महाराष्ट्रगीत आजही गायिले जाते. वि. स. खांडेकर हेही त्यांना गुरुस्थानी मानत. त्यांची नाटके आज क्वचितच रंगमंचावर येतात. त्यांचे स्थान प्रामुख्याने ‘सुदाम्याचे पोहे’ आणि त्यातून पुढे आलेली विनोदी लेखकांची परंपरा यांवर उभे आहे.