देवळालीच्या मास्तरांचे शून्य

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली ते साल १६६४. त्यातले अंक उतरत्या क्रमाने लावले की ६६४१, चढत्या क्रमाने १४६६. वजाबाकी ५१७५. तेच पुन्हा केले की ५९९४, मग ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या खेपेला ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४च! सगळे अंक सारखे नसले की कोणतीही चार अंकी संख्या फार तर सात खेपांत इथेच येऊन थांबते.

हे शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचे फर्ग्युसन. १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले, १९२९ साली बी.एस्सी. झाले, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर. पुढची पदवी नाही, म्हणून असेल, पण इथल्या गणितज्ञांनी त्यांना फारसे मनावर घेतले नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिले, तेव्हा मास्तर सत्तरीचे होते. १९८६ साली ते गेले.

त्यांची रीत संगणकाला शिकवायची तर तीन प्रश्न विचारावे लागतात. सगळे अंक सारखे आहेत का? या दोहोंत मोठा कोणता? आताचे उत्तर मागच्याइतकेच आले का? यासाठी तुलनेची चिन्हे असतात. अधिकच्या चिन्हातून संख्या निघते. यांतून निघते फक्त ‘खरे’ किंवा ‘खोटे’.

पण तुलना कशाची, हे आधी ठरावे लागते. १००० घ्या. त्यातून ०००१ वजा केले की ०९९९. संगणकाने ही संख्या मानली तर डावीकडचे शून्य गळते, तीन नऊ उरतात, पुढची वजाबाकी शून्य आणि खेळ खलास. तीच अक्षरे मानली तर शून्य टिकते आणि ८९९१, ८०८२, ८५३२ असे करीत ६१७४ गाठता येते. मग ०९९९ आणि ९९९ समान आहेत का? संख्या म्हणून खरे, अक्षरे म्हणून खोटे. अक्षरांत तर १० पेक्षा ९ मोठे ठरतात, कारण तुलना पहिल्या जागेपासून होते आणि १ पुढे ९ थोरच! एका बाजूला संख्या, दुसरीकडे अक्षरे असली की काही भाषा परस्पर रूपांतर करतात, काही सरळ ‘खोटे’ म्हणतात, काही अडून बसतात. सगळ्यांत घातक पहिल्या, कारण त्या गुपचूप करतात.

कापरेकरांच्या रीतीत शून्य हाही अंकच. मालवणच्या एखाद्या शाळेत मुलांनी ही रीत संगणकावर बसवली, तर ती १६६४ वर तपासून भागणार नाही. त्या वाटेवर प्रत्येक उत्तर चार अंकीच येते; गळालेले शून्य उघडे पडते ते १००० घातल्यावर.