खुदाई खिदमतगार : खान अब्दुल गफ्फार खान



आपल्या वडवणीच्या परिसरात शेताच्या बांधावरून सख्खे भाऊ एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, आजोबांनी लावलेला दावा नातू चालवतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. निकाह पढवायला जावे आणि वधूचा एक चुलता मंडपात, तर दुसरा दार लावून घरात बसलेला दिसावा, असे मी कितीदा तरी पाहिले आहे. म्हणूनच आज ज्यांचे चरित्र सांगायचे आहे, त्यांच्या मुलुखाची कल्पना करणे तुम्हाला अवघड जाणार नाही. फरक इतकाच की, तिथे असे तंटे कोर्टात जात नसत. बंदुकीने मिटवले जात आणि तरीही मिटत नसत. पठाणांच्या पश्तो भाषेत सूडाला ‘बदल’ म्हणतात. आपल्या मराठीतला ‘बदला’ त्याचाच सोयरा. बदल न घेणारा पुरुष त्या समाजात पुरुषच मानला जात नसे.

अशा समाजात, पेशावरजवळच्या उतमानझाई या गावी, 1890 साली खान अब्दुल गफ्फार खान यांचा जन्म झाला. वडील बेहराम खान हे गावचे खान, म्हणजे मोठे जमीनदार. पण त्यांचा लौकिक जमिनीपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीसाठी होता : त्यांनी आपल्या साऱ्या वैऱ्यांना माफ करून टाकले होते. आई नमाज-रोजाची पाबंद, कोमल स्वभावाची. पुढे जगाने ज्या गोष्टीचे नवल केले, तिचे बीज कुठल्या आश्रमात नव्हे, या घराच्या ओसरीवर पडले होते, हे ध्यानात ठेवावे.

मुलाचे पहिले शिक्षण मस्जिदीत झाले, नंतर पेशावरच्या मिशन शाळेत. इंग्रजी फौजेच्या ‘गाइड्स’ या नामांकित पथकात अधिकारी होण्याची संधी चालून आली होती. परंतु तिथे नोकरीस असलेल्या आपल्या एका मित्राचा गोऱ्या अधिकाऱ्याने केलेला अपमान त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि त्या नोकरीवर पाणी सोडले. विलायतेला जायचे ठरले, तर आईने रडून परवानगी नाकारली. थोरला मुलगा आधीच तिकडे गेलेला होता. गफ्फार खान राहिले ते कायमचे आपल्या लोकांत राहिले. 1910 साली, विशीत असतानाच, त्यांनी गावात शाळा काढली.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती आपल्या मदरशांच्या इतिहासाशी जोडलेली आहे. तरुण गफ्फार खान यांचा देवबंदच्या शेखुल हिंद मौलाना महमूद हसन यांच्याशी आणि मौलाना उबैदुल्लाह सिंधी यांच्याशी संबंध होता. सरहद्दीच्या पलीकडे, इंग्रजांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी लढ्याचे केंद्र उभारण्याचा तो काळ. जागा शोधण्यासाठी गफ्फार खान 1914 मध्ये बाजौरच्या डोंगरात गेले. ज्यांची वाट पाहायची ते आलेच नाहीत. तेव्हा झगई नावाच्या गावातील लहानशा मस्जिदीत त्यांनी चिल्ला केला. दिवसा रोजा आणि रात्री इबादत. लढाईचा तळ शोधायला गेलेला माणूस तिथून अल्लाहच्या मखलूकची खिदमत करण्याचा निश्चय घेऊन परतला. पुढच्याच वर्षी त्यांचे ज्येष्ठ सहकारी, तुरंगझईचे हाजीसाहेब शस्त्र घेऊन उठले आणि डोंगरांत निघून गेले. त्यांच्या हौतात्म्याच्या तयारीबद्दल कोणाला शंका नाही. पण हाजीसाहेबांच्या मागे शाळा बंद पडल्या आणि गावे होती तशीच अडाणी, भांडखोर आणि कर्जबाजारी राहिली. गफ्फार खान यांनी शस्त्राचा मार्ग जवळून पाहिला होता, हे त्यांना भोळे समजणाऱ्यांनी विसरू नये.

नंतर ते गावोगाव हिंडले. 1919 मध्ये रौलट कायद्याविरुद्ध सभा घेतल्याबद्दल अटक झाली. सहा फुटांहून उंच अशा त्यांच्या देहाला बसतील अशा बेड्या तुरुंगात नव्हत्या. ठोकून बसवलेल्या बेड्यांनी घोटे रक्तबंबाळ झाले. 1921 मध्ये उतमानझाईला आझाद शाळा सुरू केली आणि त्याच वर्षाअखेर तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. सांगायला दुःख होते, शाळांना विरोध करणाऱ्यांत सरकारी अधिकाऱ्यांच्या जोडीला काही मुल्लाही होते. मी स्वतः मिंबरवर उभा राहतो, म्हणून हे लपवणे मला योग्य वाटत नाही.

1926 मध्ये पत्नीसह हज केला. परतीच्या वाटेवर जेरुसलेममध्ये जिन्यावरून पडून पत्नी वारल्या. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. 1928 मध्ये ‘पख्तून’ हे पश्तो मासिक काढले. त्यात स्त्रियांच्या शिक्षणावर आणि हक्कांवर सातत्याने लिहिले जाई, स्त्रिया स्वतःही लिहीत.

मग 1929 साली खुदाई खिदमतगार संघटना उभी राहिली. अल्लाहला कोणाच्या सेवेची गरज नाही, तेव्हा त्याच्या निर्मितीची सेवा हीच त्याची सेवा, हा तिच्या शपथेचा गाभा. प्रत्येक खिदमतगार वचन देई की हिंसा करणार नाही, सूड घेणार नाही, जुलूम करणाऱ्याला माफ करीन, भाऊबंदकीच्या तंट्यांपासून दूर राहीन आणि रोज किमान दोन तास समाजाच्या कामाला देईन. पांढरे कपडे मळतात म्हणून ते तांबड्या-विटकरी रंगात बुडवले गेले. त्यावरून इंग्रजांनी ‘लाल डगलेवाले’ असे नाव पाडले आणि त्यांत बोल्शेविकांचा हात शोधू लागले. खिदमतगार गावे झाडत, सूत कातत, दारूच्या दुकानांपुढे धरणे धरत.

तुमच्यापैकी काही तरुण जुमानंतर थांबून मला विचारतात की, सब्र म्हणजे मान खाली घालून सोसणे का? प्रश्न रागातून येतो आणि राग अकारण नसतो, हे मला ठाऊक आहे. या प्रश्नाचे उत्तर मी 23 एप्रिल 1930 या दिवसात पाहतो. त्या दिवशी गफ्फार खान यांना अटक झाली आणि पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात लोक जमले. सैन्याने गोळीबार केला. पुढची रांग कोसळली की मागची पुढे येई. मृतांचा सरकारी आकडा आणि लोकांचा आकडा यांत फार मोठे अंतर आहे. गढवाली सैनिकांच्या एका तुकडीने, चंद्रसिंह यांच्या पुढाकाराने, निःशस्त्र लोकांवर बंदूक चालवायला नकार दिला आणि त्यासाठी कठोर शिक्षा भोगल्या. ज्या पठाणांच्या घराघरात बंदूक होती, ते पठाण त्या दिवशी हात रिकामे ठेवून उभे होते. ते गप्प नव्हते आणि मागेही हटले नाहीत. मक्केतील तेरा वर्षे आठवा. हजरत बिलाल (रजि.) आणि हजरत सुमैया (रजि.) यांनी हात उचलला नाही, पण जे म्हणायचे ते म्हणणे एक क्षणही थांबवले नाही. हे शस्त्र प्रेषित मुहम्मद (स.) यांचेच आहे, मुसलमान ते विसरले आहेत, अशी गफ्फार खान यांची मांडणी होती.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. ऑगस्ट 1934 मध्ये हजारीबागच्या तुरुंगातून त्यांची सुटका झाली, परंतु सरहद्द प्रांत आणि पंजाबात पाऊल ठेवण्यास बंदी घालण्यात आली. बेघर झालेले हे खानसाहेब वर्ध्याला आले आणि जमनालाल बजाज यांच्याकडे राहिले. गांधीजीही तिथेच होते. सायंप्रार्थनेत खानसाहेब कुरआनची तिलावत करीत. आपला दीन त्यांनी कोणासाठी कणभरही पातळ केला नाही आणि दुसऱ्याच्या प्रार्थनेत बसण्याची त्यांना कधी भीतीही वाटली नाही. मुलगी मेहरताज हिलाही त्यांनी शिक्षणासाठी वर्ध्याला आणले. त्या वर्षी मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांना देऊ केले गेले. आपण शिपाई आहोत, असे सांगून त्यांनी ते नाकारले. मुंबईतच भारतीय ख्रिस्ती बांधवांपुढे त्यांनी सरहद्दीवरील जुलमाची हकीकत सांगितली. त्या भाषणाबद्दल राजद्रोहाचा खटला भरला गेला. 7 डिसेंबरला वर्ध्यात पोलीस आले. रमजानचा चंद्र दिसण्याच्या बेतात होता. खानसाहेब शांतपणे निघाले. शिक्षा दोन वर्षांची झाली.

त्यांची अहिंसा गांधीजींकडून उसनी घेतलेली होती, असे अनेकजण आजही लिहितात. गांधीजींवर त्यांचे अपार प्रेम होते, यात शंका नाही. पण 1940 च्या जुलैत काय घडले ते पाहा. राष्ट्रीय सरकार मिळाल्यास युद्धात इंग्रजांना मदत करू, अशी भूमिका काँग्रेसने घेतली आणि पुण्याच्या बैठकीत तिच्यावर शिक्कामोर्तब केले. खानसाहेबांनी कार्यकारिणीचा राजीनामा दिला. इतरांसाठी अहिंसा हे धोरण होते आणि धोरण बदलता येते. त्यांच्यासाठी तो अकीद्याचा भाग होता. 1947 च्या आरंभी बिहारमध्ये दंगलीने होरपळलेल्या मुसलमानांच्या गावांतून ते फिरले. त्याच वर्षी पेशावरात हिंदू-शिखांच्या रक्षणाला त्यांचे खिदमतगार उभे राहिले. फाळणीला त्यांचा विरोध होता. काँग्रेसने ती मान्य केली, तेव्हा आपल्याला लांडग्यांपुढे टाकले गेले, ही वेदना त्यांनी आयुष्यभर वाहिली. आणि ती वेदना खरी होती. पाकिस्तान झाल्यावर वर्षभराच्या आतच ते पुन्हा तुरुंगात होते. 12 ऑगस्ट 1948 रोजी चारसद्द्याजवळ बाबडा येथे खिदमतगारांच्या जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या. या वेळी गोळ्या झाडणारे कलमा पढणारे होते. तरीही त्यांनी शपथ मागे घेतली नाही. आयुष्याचा सुमारे तिसरा हिस्सा त्यांनी तुरुंगात काढला. इंग्रजांच्याही आणि स्वकीयांच्याही.

1969 मध्ये गांधी-शताब्दीसाठी ते दिल्लीत उतरले, तेव्हा काखेत कपड्यांचे एक गाठोडे होते आणि ते त्यांनी कोणालाही उचलू दिले नाही. अहमदाबादेत नुकतीच दंगल झाली होती. हारतुरे बाजूला ठेवून त्यांनी तीन दिवसांचा उपवास केला आणि मग अहमदाबादेत जाऊन घरे जळालेल्यांच्या दारात बसले.

1987 मध्ये भारताने त्यांना भारतरत्न दिले. 20 जानेवारी 1988 रोजी पेशावरात त्यांचे निधन झाले. अफगाणिस्तानात युद्ध पेटलेले होते, तरी दफन जलालाबादला व्हावे, ही त्यांची इच्छा होती. जनाजा खैबर खिंडीतून निघाला. मागे हजारो लोक होते. त्या दिवसापुरती दोन्ही बाजूंनी शस्त्रे खाली ठेवली होती. तरीही दफनाच्या वेळी जवळच उभ्या असलेल्या वाहनांत स्फोट झाले आणि पंधरा माणसे दगावली. लोक पांगले नाहीत. जलालाबादच्या त्यांच्या घराच्या आवारात त्यांना मातीआड करण्यात आले.