विश्लेषण : पंडिता रमाबाईंच्या घराचे दार कोणासाठी उघडे होते?

मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशी, आणि तळेगाव-लोणावळ्याच्या घरात एकटे राहिलेले आई-वडील, हे चित्र मावळात आता नवे नाही. कुठे अविवाहित आत्या असते, कुठे दृष्टी गेलेला काका, कुठे आई-वडिलांच्या पश्चात उरलेला मतिमंद भाऊ. यांना घरात ठेवायचे की संस्थेत? घरात ठेवले, तर त्या घरात त्यांचे स्थान काय? सव्वाशे वर्षांपूर्वी पंडिता रमाबाईंनी या प्रश्नांना आपल्या आयुष्यातून उत्तर दिले. ते उत्तर आजही उपयोगी आहे आणि अडचणीचेही आहे.

लोणावळ्याशी संबंध काय?

१८९०च्या दशकाच्या मध्यावर लोणावळ्यात ख्रिस्ती मंडळींची शिबिरे भरत. तिथे रमाबाई पुण्याहून आपल्या मुलींना घेऊन आल्या होत्या. त्यांच्या आश्रयाखालच्या १५ मुलींनी तोवर ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. एके सकाळी रानात एकांतात बसून रमाबाईंनी प्रार्थना केली, की या १५चा वर्ग व्हावा. म्हणजे १५ गुणिले १५, एकूण २२५. हा आकडा अवाजवी होता, कारण पुण्यातल्या त्यांच्या वसतिगृहात तेवढ्या जणींना झोपायलाही जागा नव्हती. पुढे दुष्काळ पडला आणि आकडा २२५ वर थांबला नाही.

घर उघडण्याची ओढ कुठून आली?

रमाबाईंना बालपणी स्थिर घर मिळालेच नाही. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कोकणस्थ ब्राह्मण विद्वान. पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवल्यामुळे त्यांना टीका सोसावी लागली. पुढे या कुटुंबाने वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत पोट भरले. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी देश पालथा घालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी या तरुणीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशी आंतरजातीय नोंदणी विवाह केला. १८८२च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचे निधन झाले. तेव्हा रमाबाई २३ वर्षांच्या होत्या आणि मुलगी मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. उपासमार, भटकंती आणि वैधव्य या तिन्ही गोष्टी त्यांनी स्वतः भोगल्या होत्या. पुढे ज्यांच्यासाठी त्यांनी दार उघडले, त्यांची अवस्था त्यांना कुणी समजावून सांगावी लागली नाही.

वैद्यकीय शिक्षण का राहिले?

पतीनिधनानंतर त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापला आणि १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या इराद्याने इंग्लंडला गेल्या. तिथे श्रवणदोषामुळे तो बेत सोडावा लागला. कमी ऐकू येण्याची ही अडचण त्यांना पुढे आयुष्यभर राहिली. अपंगांच्या सोयीचा इतिहास सांगताना हा तपशील बहुधा गळतो. ज्यांच्यासाठी त्या काम करत होत्या, त्यांच्यातल्याच त्या एक होत्या.

इंग्लंडमध्येच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाने महाराष्ट्रातल्या सुधारकांशी असलेले त्यांचे नाते कायमचे अवघड झाले. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तिथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले आणि व्याख्याने दिली. बोस्टनमध्ये उभ्या राहिलेल्या मंडळाने भारतात विधवांसाठी निवासी शाळा चालवायला दहा वर्षे पैसे देण्याचे कबूल केले.

शारदा सदन हे घर होते की शाळा?

दोन्ही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होत्या बालविधवा गोदूबाई. त्यांनीच पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला. पुण्यातल्या दोन मोठ्या परंपरा अशा एका घरात एकमेकींना भेटल्या.

रमाबाई स्वतः मुलींसोबत राहत. ज्यांना सोवळे-ओवळे, वेगळा स्वयंपाक पाळायचा असेल त्यांना ती मुभा होती. केशवपन झालेल्या, शुभकार्यात कुणाच्या समोर यायची सोय नसलेल्या तरुणींना इथे वेळेवर जेवण, अंथरूण आणि पाटी-पुस्तक मिळत होते. कुणाच्या तरी घरी राबून उपकाराचे अन्न खाण्यापेक्षा हे जगणे वेगळे होते. शिकून स्वतःच्या पायावर उभे राहणे, हा या घरात राहण्याचा हेतूच होता.

१८९३चा वाद नेमका कशावरून?

शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे ठरले होते. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळात आले ते त्याच भरवशावर. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, मात्र खोलीचे दार बंद करत नसत. काही मुली आपणहून आत येऊन बसू लागल्या. पालकांना ते कळले आणि ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. मुलींवर सक्ती केलेली नाही. पण आपल्याच घरात आपल्या खोलीचे दार का लावावे, असा रमाबाईंचा पवित्रा होता. सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादाकडे आज केवळ सनातनी विरुद्ध सुधारक म्हणून पाहणे सोपे आहे. पण त्यात एक खरा प्रश्न होता. जी व्यक्ती अन्न, कपडा आणि छप्पर देते, तिच्या आवडीनिवडींना, तिच्या श्रद्धेला नाही म्हणण्याची ताकद आश्रिताकडे किती असते? सक्ती न करताही दबाव येऊ शकतो. टीकाकारांच्या हेतूंमध्ये जात आणि अभिमानही मिसळले होते, तरी त्यांची ही शंका पोकळ नव्हती. दुसरीकडे, ज्या बाईने आपली खोलीसुद्धा मुलींना परकी ठेवली नाही, तिच्याकडून त्याच खोलीला कडी लावण्याची अपेक्षा करणे म्हणजे घराचे पुन्हा वसतिगृह करणे होते.

केडगावचे ‘मुक्ती’ कसे उभे राहिले?

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. आपल्या आई-वडिलांचा दुष्काळ आठवून रमाबाई तिकडे गेल्या आणि काही महिन्यांत सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, गर्दीवर निर्बंध होते, एवढ्या जणींना शहरात आणता येईना. दौंडच्या वाटेवर केडगावला रमाबाईंनी आधीच शेतजमीन घेतली होती. तिथे तात्पुरत्या निवाऱ्यात त्यांना ठेवले. उपासमारीने खंगलेल्या साऱ्याच वाचल्या नाहीत. १९०० मध्ये गुजरात-राजस्थानच्या दुष्काळातून आणखी शेकडो आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

त्या काळात पुण्याच्या प्लेग व्यवस्थेत मुलींना मिळालेल्या वागणुकीबद्दल रमाबाईंनी वृत्तपत्रात पत्र लिहून सरकारला जाब विचारला. एखाद्याला घरात घेतले की दाराबाहेरही त्याच्यासाठी बोलावे लागते, हे त्यांनी गृहीत धरले होते.

कोणाची सोय होती आणि कशी?

‘मुक्ती’त सगळ्यांना एकाच मापाने मोजले नाही. अंध मुली-बायकांसाठी बार्तीमी सदन होते. वृद्ध आणि अशक्त स्त्रियांसाठी प्रीती सदन, समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, आणि शिक्षणासाठी शारदा सदन. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून घेतली आणि केडगावला अंधांना वाचन शिकवणे सुरू झाले.

दोन हजार माणसांचा संसार नोकरांवर चालत नव्हता. शारदा सदनात शिकलेल्या जुन्या मुली नव्यांना सांभाळत, शिकवत. शेती, विहिरी, गुरे, विणकाम, तेलघाणा, छापखाना ही सारी कामे बायकांकडे होती. बायबलचे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी भाषांतर रमाबाईंनी केले, आणि त्याचे खिळे जुळवणाऱ्याही इथल्याच स्त्रिया होत्या. काल जिला भरवावे लागत होते, तिच्याकडे आज दुसरीची जबाबदारी असे. जिला फक्त वाढले जाते, ती कितीही वर्षे राहिली तरी पाहुणीच असते. घरातले एखादे काम आपल्यावाचून अडते, हे कळले की माणूस तिथला होतो. रमाबाईंच्या कामातली ही सर्वात टिकाऊ गोष्ट.

अर्थात, १८९३चा प्रश्न केडगावला सुटला नाही, उलट मोठा झाला. ‘मुक्ती’ उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. दुष्काळातून आलेल्या मुलींपुढे दुसरे घर नव्हते. त्यांतील बहुतेकींनी धर्मांतर केले. त्यात श्रद्धा किती आणि कृतज्ञता किती, हे बाहेरून मोजता येत नाही.

शेवटची वर्षे कशी गेली?

१९१९ मध्ये सरकारने त्यांना ‘कैसर-ए-हिंद’ पदक दिले. १९२१च्या जुलैमध्ये, जिच्यावर ‘मुक्ती’चा भार सोपवायचा होता ती मनोरमा गेली. त्यानंतर वर्षही झाले नाही तोच, ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला रमाबाईंचे निधन झाले. संस्था आजही तिथे सुरू आहे.

आज या चरित्रातून काय घ्यावे?

बेल्जियममधील गील या गावात मध्ययुगापासून सामान्य कुटुंबे मानसिक आजार असलेल्या प्रौढांना घरी ठेवून घेत आली आहेत. आपल्याकडे कायद्याने दिशा दिली आहे. २००७च्या कायद्यानुसार मुलांवर, आणि अपत्य नसलेल्या ज्येष्ठाच्या मालमत्तेचे वारस होणाऱ्या नातेवाइकांवर, निर्वाहाची जबाबदारी येते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाजात राहण्याचा हक्क मान्य केला आहे आणि विशिष्ट ठिकाणीच राहा, अशी सक्ती करता येत नाही.

पण कायदा घराच्या आत फारसा पोहोचत नाही. तिथे रमाबाईंच्या आयुष्यातले प्रश्न कामाला येतात. घरी आणलेल्या आत्याकडे तिचे म्हणून एखादे काम आहे का? तिचे पेन्शन तिच्या हाती येते का? तिला भेटायला तिची माणसे कधीही येऊ शकतात का? तिचा देव, तिचे जेवण, तिची झोपायची वेळ घराहून निराळी असली तर चालते का? आणि तिला हे घर सोडून दुसरीकडे जावेसे वाटले, तर ते ती मोकळेपणाने बोलू शकते का?

दार उघडणे ही पहिली पायरी आहे. रमाबाईंनी ती अशा काळात चढून दाखवली, जेव्हा विधवेसाठी बापाच्या घराचे दारही अर्धेच उघडे असे. आत आलेल्या माणसाला नाही म्हणण्याची मुभा असणे, ही त्यापुढची आणि अधिक कठीण पायरी. तिथे त्यांच्यासारखी मोठी बाईही अडखळली. आपल्या घरी कुणाला आणताना ही दुसरी पायरी आधी पाहून घेतलेली बरी.