हेडमास्तर अत्रे

आचार्य अत्रे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शिवाजी पार्कवरची सभा उभी राहते, ‘मराठा’चा अग्रलेख आठवतो, ‘तो मी नव्हेच’मधला लखोबा लोखंडे आठवतो. हजरजबाबीपणाचे त्यांचे खरे-खोटे किस्से तर अजूनही लग्नाच्या पंगतीत ऐकू येतात. पण या माणसाने आयुष्याची सुमारे अठरा वर्षे एका शाळेच्या हेडमास्तरच्या खुर्चीत काढली, आणि ती शाळाही कुणा नामवंतांची नव्हे, हे फारसे कुणाच्या लक्षात राहिलेले नाही. आमच्या पिंपरीत संत तुकारामनगरमध्ये महापालिकेने बांधलेल्या नाट्यगृहाला आचार्य अत्रे रंगमंदिर असे नाव आहे. नाटककाराचे नाव नाट्यगृहाला देणे उचितच. परंतु मला त्या पाटीवर नेहमी एक शिक्षक दिसतो, आणि आज लिहायचे आहे ते त्या शिक्षकाविषयी.

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी सासवडजवळच्या कोडीत या गावी झाला. कऱ्हेच्या काठचे हे बालपण त्यांनी इतके जपले की पुढे आत्मचरित्राला नाव दिले तेही त्या नदीचेच. सासवड म्हणजे सोपानदेवांचे गाव. भजन-कीर्तन, जत्रा, तमाशा, सोंगे हे सगळे तिथल्या मुलाला फुकट आणि आपसूक मिळत असे. शाळेत जे शिकवले जात नाही ते गाव शिकवते, असा तो काळ होता. पुढे ते पुण्याला आले. फर्ग्युसन कॉलेजातून १९१९ साली पदवीधर झाले. पुण्यात त्यांना गुरू भेटले ते राम गणेश गडकरी. गडकरी त्याच वर्षी जानेवारीत गेले. सहवास थोडाच लाभला, पण शिष्यत्व अत्र्यांनी जन्मभर सांगितले.

पदवीनंतर मुंबईच्या शाळांत काही काळ शिकवून अत्रे पुण्याच्या कँप एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत आले. त्या काळचे पुणे म्हणजे दोन गावे होती. एक पेठांचे, विद्वानांचे आणि नामांकित शाळांचे. दुसरे लष्कराचे. लष्करात साहेबांच्या बंगल्यांवर राबणारे, बाजारात गाळे चालवणारे, शिलाई, सुतारकी, बेकरी असली कामे करणारे लोक राहत. मराठीबरोबर तेलुगू, तमिळ, गुजराती, हिंदुस्थानी अशा अनेक बोली एकाच गल्लीत ऐकू येत. पेठांतल्या शाळांना जी प्रतिष्ठा होती, ती कँपातल्या या शाळेच्या वाट्याला आलेली नव्हती. विशी ओलांडलेल्या एका कवीने अशा ठिकाणी हेडमास्तरकी पत्करावी, याला व्यवहारात कुणी शहाणपण म्हटले नसते.

इथे अत्र्यांचे दुसरे एक रूप दिसते. ‘झेंडूची फुले’ हा विडंबनकवितांचा संग्रह १९२५ साली निघाला आणि केशवकुमार हे नाव महाराष्ट्रभर झाले. कुणीही म्हटले असते की आता मास्तरकी पुरे. यांनी मात्र शिक्षणशास्त्राचा रीतसर अभ्यास करायचे ठरवले. मुंबई विद्यापीठाची बी. टी. पदवी जवळ होतीच. त्यावर ते लंडनला गेले आणि १९२८ साली तिथल्या विद्यापीठाची शिक्षकाची पदविका घेऊन परतले. बालमनाचा शास्त्रीय अभ्यास तिथे नव्याने सुरू झाला होता. मूल हे रिकामे भांडे नसून त्याच्यात स्वतःची अशी ओढ आणि गती असते, या विचाराने युरोपातल्या शाळा बदलत होत्या. अत्र्यांनी ते पाहिले, आणि परतले ते पुन्हा कँपातल्या त्याच शाळेत. शिक्षकांसाठी त्यांनी ‘अध्यापन’ नावाचे मासिकही चालवले. मुलींसाठी आगरकर हायस्कूल आणि राजा धनराज गिरजी हायस्कूल या पुण्याच्या पूर्व भागातल्या शाळांच्या उभारणीतही त्यांचा हात होता.

आता नाटककार अत्रे कुठून आले ते पाहा. त्यांनी ‘गुरुदक्षिणा’ हे नाटक लिहिले ते शाळेच्या संमेलनासाठी, आपल्या विद्यार्थ्यांकरिता. पुढे १९३३ साली ‘साष्टांग नमस्कार’ रंगभूमीवर आले तेही दामुअण्णा जोशींच्या बालमोहन नाटक मंडळीकडून, आणि ही मंडळी मुळात उभी राहिली होती लहान मुलांच्या बळावर. त्यानंतर ‘घराबाहेर’, ‘भ्रमाचा भोपळा’, ‘उद्याचा संसार’, ‘लग्नाची बेडी’ अशी रांगच लागली. बोलपटांनंतर खिळखिळ्या झालेल्या मराठी रंगभूमीला ज्या माणसाने सावरले, त्याची उमेदवारी शाळेच्या संमेलनात झाली होती. शाळेत नाटक म्हणजे अभ्यासाचा खोळंबा, असे ज्यांना वाटते त्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा.

पण माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम ‘नवयुग वाचनमाला’. तोपर्यंतची क्रमिक पुस्तके उपदेशाने भरलेली असत. अत्र्यांच्या पुस्तकांत मूल हसू लागले. त्यात गोष्टी होत्या, गमती होत्या, घरात बोलतो तशी भाषा होती. ‘दिनूचे बिल’ ही त्यांची गोष्ट आठवा. आईला केलेल्या मदतीचे बिल लावणारा मुलगा आणि आईने उलट लावलेले बिल, एवढाच मामला. मी पस्तीस वर्षे बँकेत काढली, जमा-नावे हाच माझा धंदा होता, पण ताळेबंदात बसत नाही ते काय, हे त्या गोष्टीइतके स्वच्छ मला कुठल्याही खातेवहीने शिकवले नाही. माझ्या वडिलांच्या पिढीला ही पुस्तके पाठ होती. आम्ही ‘बालभारती’ची मुले, म्हणजे १९६७ साली पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाल्यानंतरची. तरीही घरातल्या मोठ्यांच्या तोंडून नवयुगचे धडे आम्ही ऐकत आलो. कँपातले मूल असो की एखाद्या खेड्यातले, गोडी लागायला ज्याच्या घरी दुसरे पुस्तकच नाही, त्याच्या हाती पडणारे एकमेव पुस्तक तरी सुंदर असावे, ही त्यामागची दृष्टी होती.

पुढचे अत्रे सर्वांना ठाऊक आहेत. पुण्याच्या नगरपालिकेत ते निवडून गेले आणि रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली. चित्रपट आले. १९४० साली ‘नवयुग’ साप्ताहिक निघाले, १९४२ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. साने गुरुजींच्या पुस्तकावर त्यांनी ‘श्यामची आई’ काढला. एका शिक्षकाने लिहिलेल्या पुस्तकावर दुसऱ्या शिक्षकाने काढलेल्या या चित्रपटाला १९५४ साली पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक लाभले. १९५६ साली ‘मराठा’ सुरू झाला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला त्याचा आवाज मिळाला. भांडणेही अमाप झाली, त्यांतली काही त्यांना शोभणारी नव्हती. १३ जून १९६९ रोजी ते गेले.

या धामधुमीत हेडमास्तर मागे पडला. व्यक्तीच्या बळावर उभे राहिलेल्या कामाचे असेच होते. शाळेला अत्रे मिळाले तर मुलांना नाटक मिळते, अत्रे गेले की मिळते ते संमेलन आणि ध्वनिमुद्रित गाण्यावरचा नाच. कलेची सोय कायमच्या नेमणुकीत, वेळापत्रकात आणि अंदाजपत्रकात असावी लागते. बँकेत आम्ही एखाद्याच्या भलेपणावर कर्ज देत नसू, कागद लागत असे. शिक्षणातही कागद लागतो.

तसा कागद आपल्याकडे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरांहून अधिक मुले असतील तर कलेसाठी अर्धवेळ निदेशक असावा असे सांगितले आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तर कला आणि इतर विषय यांच्यातली भिंतच काढायला सांगितले. पण अर्धवेळ निदेशक म्हणजे ज्याच्या मानधनाची आणि पुढच्या वर्षाची शाश्वती नाही असा माणूस, हे शाळांच्या आसपास वावरणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही.

आमचे गाव म्हणजे आजचे लष्करच. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, मग टेल्को, बजाज आले. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महापालिका. पुढे कारखाने चाकणकडे सरकले. आज नाणेकरवाडी, खराबवाडी, महाळुंगे या गावांत मराठवाड्याची, विदर्भाची, बिहारची, उत्तर प्रदेशची माणसे एका खोलीत चार-पाच जण राहतात, आणि त्यांची मुले जवळच्या जिल्हा परिषदेच्या नाहीतर महापालिकेच्या शाळेत जातात. माझ्या काउंटरवर ही मुले येत. बापाला स्लिप भरता येत नाही म्हणून सहावीतली मुलगी ती भरी. अक्षर मोत्यासारखे, पण नाव विचारले तर मान खाली. आकडे तिला शाळेने शिकवले होते. चारचौघांत उभे राहून बोलायला नाटक शिकवते, आणि ते तिच्या शाळेत नव्हते. ज्या घरात पैसा आहे तिथे याच वयाचे मूल संध्याकाळी तबल्याच्या, चित्रकलेच्या, नृत्याच्या क्लासला जाते. शासनाच्या रेखाकला परीक्षांची श्रेणी दहावीच्या गुणांत भर घालते. त्या परीक्षेला बसवणारा चित्रकलेचा शिक्षकच शाळेत नसेल, तर ही सवलतही पुन्हा क्लास लावणाऱ्याच्याच पदरी पडते. म्हणजे कला हा श्रीमंतांचा शौक नसतो, आपण तो तसा करून ठेवतो.

अत्र्यांच्या नावाचे रंगमंदिर ज्या महापालिकेचे आहे, शहरातल्या शेकडो गरीब मुलांच्या शाळाही त्याच महापालिकेच्या आहेत. मालक एकच. ज्या सकाळी तिथे प्रयोग नसतो, त्या सकाळी एकेका शाळेच्या सहावी-सातवीच्या मुलांना तिथे न्यावे, रंगमंचावर चढू द्यावे, आणि त्यांना शिकवणाऱ्या माणसाला बारा महिन्यांचा पगार द्यावा. यासाठी दुसरा अत्रे जन्माला येण्याची वाट बघण्याचे कारण नाही. अंदाजपत्रकातली एक ओळ पुरेशी आहे, आणि ती कुणीतरी लिहायला हवी.