द्वारकानाथ कोटणीस

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (जन्म : सोलापूर, १० ऑक्टोबर १९१०, मृत्यू : हेबेई प्रांत, चीन, ९ डिसेंबर १९४२) हे चीन-जपान युद्धात जखमी सैनिकांवर उपचार करणारे मराठी शल्यचिकित्सक होते. चीनमध्ये ते 'के दिहुआ' या नावाने ओळखले जातात.

शिक्षण व वैद्यकीय पथक

कोटणीसांनी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले. जपानने १९३७ मध्ये चीनवर आक्रमण केल्यानंतर चिनी सेनानी चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले. तत्कालीन काँग्रेस अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या आवाहनानुसार निधी जमवून १९३८ मध्ये डॉ. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस अशा पाच डॉक्टरांचे पथक पाठविण्यात आले.

चीनमधील कार्य

१९३९ च्या फेब्रुवारीत पथकातील डॉक्टर येनान येथे पोहोचले. चीनमध्ये असतानाच वडिलांच्या निधनाची वार्ता येऊनही कोटणीस मायदेशी परतले नाहीत. ते आठव्या मार्ग सेनेबरोबर उत्तर चीनच्या आघाडीवर गेले. औषधे व उपकरणे यांची तेथे सतत टंचाई असे. १९४० मधील एका दीर्घ लढाईत त्यांनी सलग ७२ तास विश्रांती न घेता शस्त्रक्रिया केल्या.

कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथून यांचा १९३९ मध्ये मृत्यू झाला होता. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालकपद १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. चिनी भाषा आत्मसात करून ते विद्यार्थ्यांना त्याच भाषेत शिकवीत.

विवाह व मृत्यू

१९४१ मध्ये त्यांनी परिचर्या-शिक्षिका ग्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव 'यिनहुआ' असे ठेवण्यात आले. 'यिन' म्हणजे भारत व 'हुआ' म्हणजे चीन. अविश्रांत श्रमांनी खालावलेल्या प्रकृतीकडे कोटणीसांनी दुर्लक्ष केले. अपस्माराच्या झटक्यांनी वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा मूल जेमतेम साडेतीन महिन्यांचे होते. पथकातील इतर चौघे भारतात परतले.

स्मृती

व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्या जीवनावर 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला व नायकाची भूमिकाही स्वतः केली. शिच्याच्वांग येथील हुतात्मा स्मारकात कोटणीसांची समाधी व पुतळा आहे. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटे काढली. सोलापुरातील त्यांच्या घराचे स्मारकात रूपांतर झाले आहे.