विश्लेषण : रस्त्यावर फेकल्या गेलेल्या संगीताचे प्रदर्शन कसे भरले? कोण होते ज्युलियस ईस्टमन?

न्यूयॉर्कच्या ‘द किचन’ या कलासंस्थेत २०१८च्या जानेवारी-फेब्रुवारीत एक वेगळेच प्रदर्शन भरले होते. ते ज्युलियस ईस्टमन या प्रयोगशील अमेरिकी संगीतकारावर होते. १९९०मध्ये ईस्टमन गेले तेव्हा त्यांच्या निधनाची साधी बातमीही आली नव्हती. त्यांच्या अनेक रचनांचे कागद तर त्याआधीच रस्त्यावर गेले होते. मग प्रदर्शनात मांडायला उरले काय होते? आणि ते कोणी जपले?

ज्युलियस ईस्टमन कोण होते?

जन्म २७ ऑक्टोबर १९४०, न्यूयॉर्क. बालपण त्याच राज्यातील इथाका या गावात गेले. लहानपणी ते चर्चच्या गायनवृंदात गायचे. पुढे फिलाडेल्फियाच्या नामांकित कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये ते पियानो शिकायला गेले आणि रचनाकार होऊन १९६३मध्ये बाहेर पडले. १९६०च्या दशकाच्या अखेरीस बफेलो येथील विद्यापीठाच्या नवसंगीत केंद्रात त्यांना जागा मिळाली. त्या काळात अमेरिकेतील प्रयोगशील संगीताचे वर्तुळ जवळजवळ पूर्ण गोऱ्यांचे होते. ईस्टमन कृष्णवर्णीय होते, समलिंगी होते आणि या दोन्ही गोष्टी ते उघडपणे सांगत.

त्यांना प्रसिद्धी मिळालीच नव्हती का?

मिळाली होती, पण गायक म्हणून. पीटर मॅक्सवेल डेव्हिस या ब्रिटिश संगीतकाराची ‘एट साँग्ज फॉर अ मॅड किंग’ ही रचना गायला अत्यंत अवघड मानली जाते. वेड्या राजाच्या किंकाळ्या, कुजबुज, रडणे असे सगळे एकाच गळ्यातून काढावे लागते. ईस्टमन यांच्या आवाजातील तिचे ध्वनिमुद्रण १९७३मध्ये आले आणि त्याला ग्रॅमी नामांकनही मिळाले. स्वतःच्या रचनांची एकही तबकडी मात्र त्यांच्या हयातीत निघाली नाही.

त्यांचे संगीत वेगळे कसे?

एक छोटी स्वराकृती पुन:पुन्हा वाजवत नेणारा ‘मिनिमलिझम’ हा प्रवाह तेव्हा अमेरिकेत जोर धरत होता. त्यातील ला मॉन्टे यंग आणि टेरी रायली हे पुढे आपल्या किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. ईस्टमन याच वाटेने गेले, पण पद्धत स्वतःची ठेवली. रचनेच्या प्रत्येक नव्या टप्प्यात आधीच्या टप्प्यांतील सगळे स्वर राहतात आणि त्यात नवे मिसळत जातात. मग जुने हळूहळू गळू लागतात. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती जुनी फाइल पोटात घेऊन येते, तसाच हा प्रकार. ‘स्टे ऑन इट’ (१९७३) या रचनेत तर त्यांनी चक्क पॉप गाण्यासारखा ठेका आणला. ‘फेमेनिन’ (१९७४) या रचनेत घुंगरांसारख्या घंटा मोटर लावून सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजत ठेवल्या.

वाद कशावरून झाले?

पहिला मोठा वाद १९७५चा. जॉन केज हे प्रयोगशील संगीतातले सर्वात मोठे नाव. त्यांच्या एका रचनेत कलाकाराला बरीच मोकळीक होती. ती घेऊन ईस्टमन यांनी मंचावर समलिंगी प्रेमावर खट्याळ व्याख्यान दिले. खुद्द केज समोर बसले होते आणि ते चांगलेच संतापले. पुढच्याच वर्षी ईस्टमन बफेलो सोडून न्यूयॉर्कला आले.

दुसरा वाद जानेवारी १९८०चा, शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातला. चार पियानोंसाठीच्या त्यांच्या काही रचनांच्या शीर्षकांत कृष्णवर्णीयांना दिली जाणारी शिवीच होती. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आक्षेप घेतला आणि कार्यक्रमपत्रिकेतून शीर्षके वगळली गेली. ईस्टमन यांनी मग मैफलीआधी मंचावरूनच खुलासा केला. अमेरिकेची अर्थव्यवस्था शेतात राबणाऱ्या गुलामांच्या पायावर उभी राहिली. म्हणून हा शब्द आपल्या लेखी वरवरच्या गोष्टी नाकारणाऱ्या, मूलभूत असलेल्या माणसाचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हे निवेदन ध्वनिमुद्रित झाले. ‘जे मूलभूत आहे ते’ अशा अर्थाचे २०१८च्या प्रदर्शनाचे नाव तिथूनच आले.

मग रचना हरवल्या कशा?

न्यूयॉर्कमध्ये स्थिर नोकरी नव्हती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला भाडे थकले आणि त्यांना घराबाहेर काढण्यात आले. सामानाबरोबर नोटेशनचे कागदही रस्त्यावर गेले. पुढे व्यसन जडले, काही काळ टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्क या उद्यानात राहावे लागले. २८ मे १९९० रोजी बफेलोच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. वय अवघे ४९. ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात मृत्युलेख आला तो सुमारे आठ महिन्यांनी, जानेवारी १९९१मध्ये.

आपल्याकडे बंदिश एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. पाश्चात्त्य मैफलीत मात्र कागद नसेल, तर रचना वाजत नाही. त्यात ईस्टमन यांचे कागद त्रोटक असत. उरलेले ते तालमीत तोंडी सांगत. त्यामुळे माणूस आणि कागद दोन्ही गेल्यावर ‘बॅकअप’ कुठेच नव्हता.

शोध कोणी घेतला?

मेरी जेन लीच या संगीतकार बाईंनी. १९९८मध्ये त्यांना शिकवण्यासाठी ईस्टमन यांची दहा चेलो वाद्यांची एक रचना हवी होती. कागद कुठेच मिळेना. मग त्यांनी जुने सहकारी, मित्र आणि विद्यापीठांचे संग्रह यांच्याकडे विचारणा सुरू केली. सात वर्षांनी, २००५मध्ये, सापडलेल्या ध्वनिमुद्रणांचा तीन सीडींचा ‘अनजस्ट मलेझ’ हा संच निघाला. त्या चेलोच्या रचनेचे नोटेशन पुढे ध्वनिमुद्रण ऐकून पुन्हा लिहिले गेले. एका सिम्फनीचे हस्तलिखित ईस्टमन यांनी मित्राला दिले होते. ते त्याने जपले आणि लिहिल्यानंतर तब्बल ३५ वर्षांनी, २०१८मध्ये, ती न्यूयॉर्कमध्ये प्रथमच वाजली.

प्रदर्शनात काय होते?

हेच जमवलेले तुकडे. एका भागात छायाचित्रे, नोटेशन आणि कागदपत्रे, तर दुसऱ्या भागात आजच्या कलाकारांनी ईस्टमन यांच्यापासून प्रेरणा घेऊन केलेली कामे. सोबत मैफलीही झाल्या. चेलोची ती रचना १९८१मध्ये पहिल्यांदा वाजली, तीही ‘द किचन’मध्येच. २०१८मध्येच बर्लिनच्या ‘सॅव्ही कंटेम्पररी’ या कलासंस्थेतही ईस्टमन यांच्यावर प्रदर्शन भरले.

ऐकायचे असेल तर?

‘स्टे ऑन इट’पासून सुरुवात करा, ती साधारण २५ मिनिटांची आहे. ‘फेमेनिन’ला तासाहून अधिक वेळ लागतो, हेडफोन लावून ऐका. दोन्ही आज मोबाइलवर सहज मिळतात. त्यांच्या इतर कित्येक रचनांची मात्र आता फक्त नावे उरली आहेत. ज्या वाचल्या, त्या कोणीतरी जुनी टेप किंवा चार कागद फेकून दिले नाहीत म्हणून.